आधी गॅटन घ्यावा की फ्रिझेल?

गाणं नको, नुसती गिटार हवी. कंट्री हवं, पण काउबॉय टोपी घातलेलं नको. ब्लूज हवा, पण तेच ते बारा बारचं, म्हणजे बारा मापांच्या ठरलेल्या साच्याचं, दळण नको. जॅझही हवा, पण शिकवणी लावल्याशिवाय कळणार नाही असला नको. अशी यादी घेऊन कोणी विचारायला आलं की माझ्यासमोर दोन अल्बम उभे राहतात: डॅनी गॅटनचा ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’ (१९९१) आणि बिल फ्रिझेलचा ‘गुड डॉग, हॅपी मॅन’ (१९९९). दोन्ही निव्वळ वाद्यसंगीताचे. दोन्हींत कंट्री, ब्लूज आणि जॅझ एकाच ताटात वाढलेले. आणि दोन्ही वादक तेव्हा पंचेचाळीस ते पन्नासच्या मधले, म्हणजे करामती दाखवण्याची हौस फिटलेल्या वयाचे. (गॅटनच्या बाबतीत हे वाक्य मागे घ्यावं लागेल, पण ते पुढे.)

‘दोन्ही घ्या’ हे उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगीही आहे. ऐकणं आता जवळजवळ फुकट झालंय, पण ऐकायला मिळणारा वेळ काही वाढलेला नाही. माझ्या घरात हे दोन अल्बम दोनतीन महिन्यांच्या अंतराने आले. एक इतका वाजला की सीडीच्या डबीची बिजागरी तुटली. दुसरा दोनेक वर्षं कपाटात नव्यासारखा राहिला. कुठला कसा, ते सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो की माझा निकाल थोडा घरगुती आहे. तुमच्या घरी तो उलटाही लागू शकेल.

गॅटनची सीडी मी उत्तर व्हर्जिनियात नोकरीला होतो तेव्हा जुन्या सीडींच्या एका दुकानातून घेतली. फ्रिझेलची ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने भेट दिली, ‘शांत माणसासाठी’ म्हणून. मी शांत माणूस आहे हा त्याचा गैरसमज होता. मी मीटिंगमध्ये फक्त बोलत नसे.

गॅटन मूळचा वॉशिंग्टनचा, १९४५ सालचा जन्म. ८८ एल्मायरा स्ट्रीट हा तिथल्या ॲनाकोस्टिया भागातल्या त्याच्या लहानपणच्या घराचा पत्ता. पत्र्याचं काम करणारा कारागीर, जुन्या मोटारगाड्यांचा वेडा आणि दौऱ्यांचा मनापासून कंटाळा असलेला माणूस. नॅशव्हिलला किंवा लॉस एंजेलिसला मुक्काम हलवला असता तर स्टुडिओवाल्यांनी त्याला झोपू दिलं नसतं. पण हा वॉशिंग्टन आणि मेरीलँडच्या बारमधून वाजवायचा, रात्री घरी यायचा, आणि आईने चालवलेल्या छोट्या लेबलवर रेकॉर्ड काढायचा. १९८९ मध्ये ‘गिटार प्लेयर’ मासिकाने त्याला मुखपृष्ठावर घेऊन जगातला सर्वांत थोर अनोळखी गिटारवादक ठरवलं. मग इलेक्ट्रासारख्या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि हा अल्बम आला. धंद्यातल्या लोकांनी त्याला ठेवलेलं नाव होतं ‘द हम्बलर’, म्हणजे समोरच्याची रग जिरवणारा.

ते नाव कशासाठी, हे दुसऱ्याच ट्रॅकवर कळतं. ‘एल्मायरा स्ट्रीट बूगी’ सुरू होतो रॉकबिलीसारखा (रॉक आणि कंट्रीचं जुनं मिश्रण), मग त्याची उजव्या हाताची बोटं पिकच्या (तार छेडायच्या पत्रीच्या) जोडीला बँजोसारखी फिरायला लागतात, मग त्यातूनच एक लांबलचक जॅझची ओळ निघते आणि तिच्या शेपटाला पुन्हा एक असा कंट्री बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला स्वर, की पेडल स्टीलवाल्याने (आडवी ठेवून, तारांवर पट्टी सरकवून वाजवायची ती गिटार) वळून बघावं. हे सगळं तो तुकडे जोडल्यासारखं वाजवत नाही. बोलताना आपण मराठीत सुरुवात करून मध्येच हिंदी शिवी देऊन इंग्रजीत वाक्य संपवतो ना, तितक्या सहज. मी गेली काही वर्षं या ट्रॅकचे आठ बार निम्म्या वेगाने बसवतोय. अजून सहाच बसलेत.

ग्रॅमीला ही धून रॉक वाद्यसंगीताच्या गटात नामांकित झाली होती. बक्षीस एरिक जॉन्सनला गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रॉक? ज्यात रॉकइतकाच बाकी सगळ्याचा वाटा आहे ते रॉक? गॅटनला कुठल्या खणात ठेवायचं हा प्रश्न त्याच्या कंपनीलाही सुटला नसावा. मला मिळालेली सीडी दुकानात ब्लूजच्या खणात होती आणि तिच्यावर आधीच्या कोणीतरी चिकटवलेली चिठ्ठी ‘कंट्री’ म्हणत होती.

हौस फिटली होती का, तर नाही. त्याचे जुने व्हिडिओ बघा: बिअरची बाटली उलटी धरून तिचाच स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) करतो, फेस गिटारच्या मानेवरून खाली वाहतो, मग टॉवेल घेऊन मान पुसतो, आणि पुसता पुसता, टॉवेल तसाच मानेवर असताना, त्याखालून वाजवत राहतो. सर्कस म्हणा हवं तर. पण टॉवेलखालून आलेला एकही स्वर घसरलेला नसतो, हे दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं. पहिल्यांदा आपण हसत असतो.

अल्बमची सुरुवात ‘फंकी मामा’ने होते. ती ऑर्गनवादक बिग जॉन पॅटनची. गिटारमधून ऑर्गनचा आवाज काढणं ही गॅटनची जुनी खोड; त्यासाठी त्याने एक खोका तयार केला होता आणि गिटारलाच बसवला होता, म्हणजे पायाखालच्या पेडलांसाठी वाकायला नको. त्याला तो ‘मॅजिक डिंगस बॉक्स’ म्हणायचा. मुद्दा असा की हा माणूस वाद्याकडे मेकॅनिकच्या नजरेने बघतो. त्याच्या पुढच्या अल्बमचं नावच ‘क्रूझिन ड्यूसेस’, आणि ‘ड्यूस’ म्हणजे १९३२ची फोर्ड. उलट फ्रिझेलच्या अल्बमवर ‘कॅडिलॅक १९५९’ नावाचा एक सुस्त, छान ब्लूजसारखा ट्रॅक आहे. मला दर वेळी वाटतं की ही गाडी चुकीच्या गॅरेजमध्ये उभी आहे.

तिसरा ट्रॅक ‘ब्लूज न्यूबर्ग’. न्यूबर्ग हे दक्षिण मेरीलँडमधलं गाव, गॅटनचं शेतघर तिथे होतं. एका शनिवारी मी हा अल्बम लावून व्हर्जिनियाच्या बाजूने हायवे ३०१ने तिकडे गेलो होतो. पोटोमॅकवरचा जुना पूल तेव्हा होता: दोनच लेन, कडेला थांबायला जागा नाही, आणि चढ असा की मध्यावर येईपर्यंत समोर फक्त आभाळ. (२०२२ पासून तिथे नवा चार लेनचा पूल आहे.) पूल उतरलं की न्यूबर्ग. बघण्यासारखं काही नाही, शेतं, झाडी, पेट्रोल पंप. ४ ऑक्टोबर १९९४ रोजी इथल्याच घरी गॅटनने आयुष्य संपवलं. एकोणपन्नास वर्षांचा होता. मी पंपावर कॉफी घेतली आणि परत फिरलो. हे माहीत असूनही ‘ब्लूज न्यूबर्ग’मध्ये मला ते ऐकू येत नाही, आणि मुद्दाम ऐकायचा प्रयत्न करणंही बरं वाटत नाही. त्या ट्रॅकमध्ये घरी परत आलेला माणूस आहे.

आता फ्रिझेल.

बिल फ्रिझेलचा जन्म बाल्टिमोरचा, म्हणजे गॅटनच्या अंगणापासून गाडीने तासाभरावरचा, पण वाढला डेन्व्हरला. लहानपणी क्लॅरिनेट वाजवायचा. मला ही बारकी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढे तो जॅझ गिटारवादक जिम हॉलकडे शिकला, न्यूयॉर्कच्या प्रयोगशील मंडळींत कैक वर्षं काढली. पण त्याची गिटार आजही फुंकून वाजवल्यासारखी येते. व्हॉल्यूम पेडल खाली असताना तार छेडायची आणि मग हळूच पेडल उघडायचं. पिकचा टणत्कार ऐकूच येत नाही. स्वर येतो तो श्वासासारखा, कुठून सुरू झाला ते कळत नाही. आणि जातानाही तसाच, डीलेच्या, म्हणजे यंत्राने काढलेल्या प्रतिध्वनीच्या, आवर्तनांत विरत.

‘गुड डॉग, हॅपी मॅन’मधली मंडळी बघितली की तोंडात बोट घालावंसं वाटतं: पेडल स्टील, लॅप स्टील, मँडोलिन असं तारेचं जे हाती येईल ते वाजवणारा ग्रेग लीझ, ऑर्गनवर वेन होर्विट्झ, बासवर व्हिक्टर क्राउस, ड्रम्सवर जिम केल्टनर. एका ट्रॅकवर पाहुणा म्हणून गिटारवादक राय कूडर. त्याआधीचा, १९९७चा ‘नॅशव्हिल’ही उत्तम आहे आणि जॅझवाल्यांत त्याचं नाव जास्त घेतलं जातं, पण त्यात गायलेले ट्रॅक आहेत आणि ड्रम्स नाहीत, म्हणून आजच्या तुलनेत तो बाजूला ठेवतो.

कूडर असलेला ट्रॅक म्हणजे ‘शेनँडोआ’, ती जुनी लोकधून. सीडीवर तिच्यापुढे लिहिलंय की ही जॉनी स्मिथसाठी. स्मिथ हा १९५०च्या दशकातला जॅझ गिटारचा मोठा माणूस, नंतर न्यूयॉर्क सोडून कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि वाद्यांचं दुकान चालवू लागला. शेनँडोआची दरी आमच्या घरापासून दीड तासावर. ऑक्टोबरात झाडांचे रंग बघायला सगळे भारतीय डबे घेऊन तिकडे निघायचे, आम्हीही. त्यामुळे ही धून ऐकताना मला तूप लावलेल्या थेपल्यांचा वास येतो, त्याला फ्रिझेलचा इलाज नाही. पण वास बाजूला ठेवूनही सांगतो, या दोन अल्बमांतली सगळ्यांत सुंदर सहा मिनिटं निवडायची तर मी हीच निवडेन. दोघं-तिघं तारवाले एकाच ओळीभोवती बसलेत आणि कोणालाच पुढे जायची घाई नाही. मधूनच कूडर आहे की लीझ, असा प्रश्न पडतो आणि लगेच सोडून द्यावासा वाटतो. आपल्याकडे विलंबित आलापीत दोन स्वरांच्या मधली जागा ऐकायची सवय असते. तीच इथे उपयोगी पडते.

म्हणजे कुठला अल्बम जास्त सुंदर, असं विचारलंत तर मी अडखळेन. आणि तरी बिजागरी तुटली ती गॅटनच्या डबीची. त्याचं कारण सांगायला मला जरा लाज वाटते, कारण त्यात संगीतापेक्षा छताचा पंखाच जास्त आहे.

झालं असं. फ्रिझेलची सीडी मी पहिल्यांदा गाडीत लावली. वॉशिंग्टनभोवतीचा बेल्टवे म्हणजे काँक्रीटवर टायरांचा अखंड घोष. ‘रेन, रेन’ सुरू झालं. म्हणजे, झालं असावं. डिस्प्लेवर सेकंद पुढे जात होते. मी आवाज वाढवला, गिटार कुठेतरी पलीकडच्या खोलीत असल्यासारखी ऐकू यायला लागली. आणखी वाढवला. ‘रॉस्को’ला केल्टनर आला आणि स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) थेट कानाखाली बसला. कमी केला. मग गिटार परत पलीकडच्या खोलीत. ऑफिसला पोचेपर्यंत माझा उजवा हात व्हॉल्यूमच्या चकतीवरून हलला नव्हता. संगीत ऐकलं असं म्हणता येणार नाही. मी ते ऑपरेट केलं.

गाडीला दोष दिला. पुढे पुण्याला परत आलो आणि वाटलं, आता घरी नीट ऐकू. पण पुण्यात एप्रिलमध्ये पंखा चारवर असतो. पंख्याची घरघर आणि फ्रिझेलचे विरत जाणारे स्वर यांचं एक विचित्र नातं आहे. ज्या स्वराला सुरुवातीचा आघात नाही आणि ज्याचा शेवट हवेत विरतो, त्याची दोन्ही टोकं पंखा खातो. मधला फुगलेला भाग तेवढा उरतो. आंब्याची साल आणि बाठा काढून टाकला तर फोडी तरी उरतात. इथे असं वाटतं की चव सालीतच होती.

एका दुपारी बायको आतून म्हणाली, “अरे, पंख्याचं बेअरिंग गेलंय वाटतं. कुरकुर येतेय मघापासून.” मी उठलो, पंखा बंद केला. कुरकुर चालूच. तो फ्रिझेलचा लूप होता, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरत राहणारा आवाजाचा तुकडा. सीडीच्या माहितीत त्याच्या नावापुढे गिटारांबरोबर लूप्स आणि म्युझिक बॉक्सही लिहिलेत, ते मी आधी वाचलेलं, पण कधी नीट ऐकलेलं नव्हतं. पंखा बंद असताना पहिल्यांदाच ऐकू आलं की मागे कसली तरी किल्लीच्या खेळण्यासारखी बारीक खरखर फिरतेय, आणि तिच्यावर सगळं उभं आहे. मी बायकोला उत्साहाने सांगायला गेलो. ती म्हणाली, “मग ते बंद कर आणि पंखा लाव.”

हेडफोन लावा, असं सांगणारे भेटतात. लावून पाहिला. अल्बम फुलतो, खोटं कशाला बोलू. बासवरची क्राउसची बोटं, लीझच्या स्टीलचा सरकता काठ, सगळं जागेवर येतं. पण हेडफोन लावला की दाराची बेल, कुरिअरवाला आणि आईची हाक यांतलं काहीच ऐकू येत नाही, आणि आमच्या घरात आईची हाक पहिल्या खेपेला ऐकू जावी लागते. शिवाय मे महिन्यात कानांवर गाद्या बांधून बसणं हा वेगळा छळ. तुम्ही एकटे राहत असाल, रात्री उशिरा ऐकत असाल, खोलीला एसी असेल आणि तो गपगुमान चालत असेल, तर हा अख्खा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी मात्र हीच कटकट निर्णायक ठरली. व्हॉल्यूमवरचा हात.

गॅटनला हा त्रास नाही. त्याच्या प्रत्येक स्वराला कड आहे. पत्रा कापणाऱ्या माणसाला कड कुठे आहे हे बरोबर ठाऊक असतं, तसं. टेलिकास्टर या त्याच्या इलेक्ट्रिक गिटारच्या मागच्या पिकअपचा (तारेचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाचा) तो तिखटपणा, पिकचा ठोका, आणि त्यामागे आलेला स्वर. पंखा चारवर असो, खाली कोणाचा मिक्सर चालू असो, कुकरची तिसरी शिट्टी होत असो, गिटार त्यातून वाट काढत येते. गंमत म्हणजे फुगवून आणलेला स्वर त्यालाही येतो. टेलिकास्टरच्या व्हॉल्यूमच्या बटणावर करंगळी ठेवून पेडल स्टीलसारखे स्वर उमलवणं हे त्याच्या हातचं काम. पण तो ते लोणच्यासारखं वाढतो, ताटाच्या कडेला. फ्रिझेलच्या पानात तोच भात.

माझ्या सगळ्या ऐकण्यापैकी निम्मं ऐकणं स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ होतं, हे मी ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’मुळे मान्य केलं. भाजी चिरताना ‘फंकी मामा’ लावा. कांदा बारीक होतो.

पण गॅटनचीही एक खोड आहे आणि ती लपवणं बरं नाही. सहावा ट्रॅक ‘इन माय रूम’. बीच बॉइजचं १९६३चं गाणं, एकट्या मुलाच्या खोलीबद्दलचं. गॅटन त्यात जवळजवळ काहीच करत नाही, धून गातो आणि बाजूला होतो. ज्याच्या हातात इतकी करामत आहे त्याने ती खिशात घातलेली बघणं यात एक वेगळी श्रीमंती आहे. धून संपते. आपण अजून त्या खोलीत असतो. आणि सातवा ट्रॅक सुरू होतो: ‘द सिम्पसन्स’. हो, तेच कार्टूनचं शीर्षकसंगीत, डॅनी एल्फमनचं. कार्यक्रम तेव्हा नवा, अमेरिकाभर गाजत होता, कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार. वाजवलंय झकास, त्याबद्दल वाद नाही. पण तेराव्याच्या जेवणात कोणीतरी बँड घेऊन शिरावं तसं होतं. सुरुवातीची दोन वर्षं मी ‘इन माय रूम’ संपताना रिमोट हातात घेऊन बसायचो.

मग फ्रिझेलसाठी हातात व्हॉल्यूम आणि गॅटनसाठी रिमोट, फरक काय, असं तुम्ही म्हणाल. फरक असा की रिमोट एकदाच दाबावा लागतो. आणि खरं सांगायचं तर आता दाबत नाही. हळूहळू असं वाटायला लागलं की ही त्या माणसाचीच तऱ्हा आहे. बारमध्ये रात्री एक वाजता हळवं वाजवून झालं की लोकांना घरी हळवं जाऊ द्यायचं नाही, काहीतरी वेडंवाकडं वाजवायचं. हा माझा समज असेल. त्याच्या कंपनीने खप वाढवायला ते घातलं असंही असू शकेल.

संपूर्ण अल्बम म्हणून बांधणी बघितली तर फ्रिझेल सरस, हे निमूट मान्य करतो. त्याचे बारा ट्रॅक एकाच हवेत राहतात. ‘शेनँडोआ’मधून ‘कॅडिलॅक १९५९’मध्ये, तिथून ‘मन्रो’पर्यंत (नाव वाचून ब्लूग्रास या कंट्रीच्या जुन्या धाटणीतल्या बिल मन्रोची आठवण यावीच) आपण वाट बदलल्याचं कळत नाही. गॅटनचा अल्बम म्हणजे एसटी स्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल. पॅटनचा ऑर्गन, लेस बॅक्स्टरचं ‘क्वाएट व्हिलेज’, बीच बॉइज, कार्टून, फंक, आणि शेवटी ‘स्लायडिन होम’. काहींना हा विस्कळीतपणा खटकतो. मला स्टॉलवर उभं राहायला आवडतं.

आणखी एक मुद्दा, तिन्ही प्रकारांच्या मिश्रणाबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच विचारताय. फ्रिझेलकडे मिश्रण आधीच मुरलेलं मिळतं. कंट्री कुठे संपलं आणि जॅझ कुठे लागला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि ब्लूज तर इतका पातळ की ज्याला बारा बारची सवय आहे तो विचारेल, आहे कुठे? गॅटनकडे तिन्ही ओळखू येतात. एकाच ओळीत कंट्रीतल्या चेट ॲटकिन्सचा अंगठा, मग जॅझमधल्या चार्ली क्रिश्चनचा वळसा, मग ब्लूजचा ओढलेला स्वर, प्रत्येकाचा वास वेगळा. मिसळीसारखं: फरसाण, उसळ, रस्सा, सगळं एका घासात, पण दाताखाली प्रत्येक वेगळं लागतं. ज्याला हे मिश्रण पहिल्यांदा समजून घ्यायचंय त्याला मिसळ जास्त उपयोगी, असं माझं मत. मुरलेल्याची गोडी नंतर लागते, आणि ती लागायला आधी घटक ओळखीचे व्हावे लागतात. पण हे मत माझ्या बाबतीत घडलं म्हणून आहे. माझ्या ओळखीचा एक जण उलट्या वाटेने आला, फ्रिझेलवरून गॅटनकडे, आणि त्याला गॅटन ‘फार बडबड्या’ वाटतो. त्याच्याकडे एसी आहे, एवढंच नमूद करतो.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. गॅटन ऐकल्यावर दोन दिवस गिटारला हात लावावासा वाटत नाही. हम्बलर ते हम्बलरच. फ्रिझेल ऐकल्यावर लगेच गिटार घ्यावीशी वाटते, कारण चार स्वर तर असतात. ते चार स्वर वाजवून बघा. वाजतात, पण बसत नाहीत. मी ‘शेनँडोआ’ दोन दिवसांत उचलली आणि पाच वर्षांनी रेकॉर्ड करून ऐकली. शाळेच्या स्नेहसंमेलनात बुलबुलतरंग वाजतो तशी येत होती. म्हणून शिकायच्या हिशोबाने निवडत असाल तर दोन्हींकडून सारखाच अपमान होणार आहे, फक्त गॅटन तो तोंडावर करतो.

तर माझ्या मते आधी ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’. कमीत कमी महिनाभर, चालत्या घरात, कुकरसकट. आवडला तर पुढे त्याचाच १९९४चा, ऑर्गनवादक जोई डीफ्रान्सेस्कोबरोबरचा ‘रिलेंटलेस’ घ्या, त्यात जॅझचं पारडं जड आहे. किंवा मागे जाऊन १९८७चा ‘अनफिनिश्ड बिझनेस’, आईच्या लेबलवरचा. तो जास्त खडबडीत आणि काही जणांच्या मते जास्त खरा. मी त्या जणांत नाही, पण भांडणारही नाही.

आणि ‘गुड डॉग, हॅपी मॅन’ टाकू नका. आणून ठेवा. माझी सीडी आता कपाटातून दर वर्षी बाहेर निघते, फक्त तिचा हंगाम ठरलेला आहे. दिवाळीनंतर एखाद्या रात्री पंखा बंद करायची वेळ येते, खिडकीही लावून घेतलेली असते, आई झोपलेली असते, तेव्हा ‘रेन, रेन’ लावतो आणि व्हॉल्यूमला हात लावावा लागत नाही. यंदा नोव्हेंबर अर्धा उलटलाय. पंखा अजून दोनवर आहे.